चाक नसलेलं समुद्रमंथन

“यंदा देखावा नाही,” मंडळाचा अध्यक्ष विजूदादा म्हणाला. नाकावरून घसरलेला मास्क त्यानं परत वर ओढला. “लहान मूर्ती, लहान मंडप, आरतीला मोजकी माणसं. वरून आदेशच तसा आलाय. कुणी वाद घालू नका.”

गल्लीच्या कोपऱ्यावर लांब लांब खुर्च्या टाकून मंडळाची बैठक चालली होती. आम्ही बायका-पोरी आपापल्या गॅलरीतून ऐकत होतो. वाद कुणीच घातला नाही. सगळ्यांच्या माना फक्त एका खुर्चीकडं वळल्या.

आप्पा चौगुले उठले, पायात चपला सरकवल्या आणि घराकडं चालू लागले.

इचलकरंजीत जॉबर म्हणजे बिघडलेला यंत्रमाग चालता करणारा माणूस. आप्पा आमच्या भागातले नावाजलेले जॉबर. पण आमच्या गल्लीला त्यांची ओळख वेगळीच होती. मोडीत निघालेल्या मागांच्या मोटरी, पट्टे आणि दात्यांची चाकं गोळा करून ते दर गणपतीला हलता देखावा करायचे. मान फिरवणारा रावण, फणा डोलवणारा कालिया. बघायला आजूबाजूच्या गावांतून माणसं यायची. आमच्या शेजारच्या आमराई गल्लीचं मंडळ आमच्यापेक्षा पैसेवालं, पण रांग आमच्याकडं लागायची. आप्पांना त्याचा गर्व होता आणि ते तो लपवतही नसत.

मला लहानपणापासून त्या कामात हात घालायचा होता. श्रावणात त्यांच्या शेडमध्ये पोरं जमायची, ठोकाठोक चालायची. मी एकदा पक्कड घेऊन आत गेले, तर आप्पा म्हणाले होते, “पोरींनी प्रसादाचं बघावं. इथं बोट सापडंल.” रागावले नव्हते. अगदी सहज म्हणाले, त्यामुळं जास्त लागलं.

ते करोनाचं पहिलं वर्ष. माझी दहावी झाली होती, अकरावीचं कॉलेज उघडायचं होतं. माग बंद, त्यामुळं शहरात कधी नव्हे इतकी शांतता. मी आणि माझा वर्गमित्र तौफिक नदाफ दिवसभर माइनक्राफ्टमध्ये असायचो. ठोकळ्यांचा गेम. चौकोनी ठोकळे रचून घर बांधा, किल्ला बांधा, काय वाटेल ते बांधा. आणि एकाच जगात अनेक जण आपापल्या घरी बसून एकदम बांधू शकतात. तौफिकच्या मोठ्या भावाचं नेट कॅफे होतं. तेही बंदच होतं, म्हणून तिथल्या एका दणकट कॉम्प्युटरवर आम्ही आमचं जग चालवत होतो.

बैठक संपली तसा मी तौफिकला फोन केला.

“आपण करूया देखावा. आपल्या जगात.”

“तुमच्या आप्पांना विचारलंस?”

“विचारते.”

“मग झालंच म्हणायचं,” तो म्हणाला. त्याला आप्पा माहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात गेले. आप्पा पायरीवर बसून तंबाखू मळत होते.

“आप्पा, यंदाचा विषय काय ठरवला होता?”

“तुला कशाला?”

देखाव्याचा विषय म्हणजे गुपित. मी मोबाईल पुढं केला. मी बांधलेलं एक दार त्यात होतं. माणूस समोर आला की भिंतीचे ठोकळे आपोआप आत सरकायचे, बाजूला व्हायचे, आणि तो आत गेला की पुन्हा मिटायचे. आप्पांनी एकदा बघितलं. मग “परत लाव” म्हणाले. मग परत.

“ह्याला मोटर कुठाय?”

“मोटर नाही. लाल भुकटी असते एक. तिची रेघ ओढली की त्यातनं वीज जाते. त्या विजेवर पिस्टन चालतो. पिस्टन ठोकळा ढकलतो.”

“हे तू केलंस? का त्या नदाफाच्या पोरानं?”

“मी.”

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली, इकडंतिकडं बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, “समुद्रमंथन.”

त्या दुपारी आप्पा आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसले. मास्क लावून, दारापाशी खुर्ची टाकून. आईनं चहा ठेवला तो गार झाला. मध्ये मंदार पर्वत फिरणार, त्याला वासुकी नागाचे वेढे, एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला राक्षस, ओढाओढ चालू, आणि समुद्रातून एकेक रत्न वर येणार. सगळं त्यांच्या डोक्यात तयार होतं. ते हवेत बोट फिरवत सांगत होते, “खाली एक मोठं चाक. त्याच्यावर पर्वत. त्याच चाकावरनं दोन पट्टे, एक देवांना, एक राक्षसांना…”

“आप्पा, ह्यात चाक नसतं.”

“नसतं म्हणजे?”

“गोल काहीच नाही. काही फिरत नाही. फक्त ढकलता येतं आणि ओढता येतं.”

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले. “चाक नसलेल्या जगात मी काय करू?” असं म्हणाले आणि गेले.

मी आणि तौफिकनं तरी समुद्र खोदायला घेतला. देव रचले, राक्षस रचले. दोन मजली घराएवढा एकेक. राक्षसांचे चेहरे तौफिकनं इतके मन लावून केले की देव त्यांच्यापुढं आजारी दिसायला लागले. मग देव परत केले. नागाचं तोंड जमलं. सोडलेला पिस्टन, ओढलेला पिस्टन, अशा जोडीनं देवांचे हात पुढंमागं होऊ लागले. पण पर्वत जागचा हलत नव्हता, आणि पर्वत फिरल्याशिवाय मंथन कसलं?

एका सकाळी आई गॅलरीच्या कठड्यावर सतरंजी वाळत घालत होती. निळ्या-पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांची. तिनं ती सरळ करायला एका टोकाला ओढली, आणि एवढा मोठा कठडाच स्वतःभोवती फिरल्यासारखा मला वाटला.

“आई, परत ओढ!”

“काय झालं?”

“परत ओढ की गं!”

तिनं ओढली. परत तेच. कठडा जाग्यावर होता, नुसते पट्टे सरकत होते. पण डोळा म्हणत होता, फिरतोय.

मी आंघोळही केली नाही. वासुकीच्या वेढ्यांत एक हिरवा, एक पिवळा असे तिरके पट्टे भरले आणि ते अख्खे वेढे पिस्टननं एकेक घर पुढं सरकतील असं केलं. मागच्या बाजूला, जिथं कुणाला दिसत नाही तिथं ते परत फिरून यायचे. तौफिकनं कॅफेतून बघितलं आणि फोनवर नुसतं “ए!” एवढंच म्हणाला.

आप्पांना बोलवायला मी स्वतः गेले. ते खुर्चीत बसले. मी पर्वत चालू केला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. स्क्रीनच्या इतके जवळ गेले की नाक टेकेल.

“न्हाई फिरत,” ते म्हणाले. मग मागं सरकून बसले. “पण फिरतोय.”

त्यानंतर ते रोज यायला लागले. माउस त्यांनी कधी हातात घेतला नाही. पण बघत राहायचे आणि मध्येच म्हणायचे, “राक्षस ओढतानं देवानं पुढं झुकाय पायजे. आता दोघं एकदमच मागं जायलेत. दोरी तुटंल.” किंवा, “रत्नं भराभरा काढू नको. माणसाला वाट बघू दे.” मी काही ऐकायची, काही नाही. एकदा ते म्हणाले विष आधी एका कोपऱ्यातून येऊ दे, आणि मी म्हणाले, नाही, सगळा समुद्रच एकदम हिरवा होऊ दे. ते तोंड वाकडं करून बसले. करून दाखवलं तेव्हा म्हणाले, “असू दे असंच.” सगळी चौदा रत्नं काही जमली नाहीत. ऐरावताची सोंड बघून आईनं विचारलं, “ही किटली कशाला?”

चतुर्थीला संध्याकाळची आरती झाली. मंडपात हातभर मूर्ती, मोजकी माणसं. बाकी गल्ली घराघरांत टीव्हीसमोर, मोबाईलसमोर. ज्यांच्याकडं गेम होता ती पोरं थेट आमच्या जगात आली होती. बाकीच्यांना तौफिक यूट्यूबवर दाखवत होता. बोलायला एक ग्रुप कॉल उघडला होता. विजूदादानं त्याच्यावर नेहमीच्या माइकवरच्या आवाजात सुरुवात केली: “नमस्कार मंडळी! सादर करत आहोत समुद्रमंथन. संकल्पना आणि मांडणी, आप्पासाहेब चौगुले. तांत्रिक साहाय्य, गल्लीतली पोरं.”

गल्लीतली पोरं. मी आमच्या खोलीत दारापाशी बसलेल्या आप्पांकडं बघितलं. ते स्क्रीनकडं बघत होते.

गेममध्ये प्रत्येकाचा एक ठोकळ्यांचा माणूस असतो; त्यांची समुद्राच्या काठावर गर्दी झाली होती. आमची पोरं, नातेवाइकांची पोरं, आणि आमराईचीही बरीच. त्यांच्या मंडळाचा नकाते नावाचा मोठा मुलगा काळं चिलखत घालून सगळ्यात पुढं उभा होता. मी खटका ओढला. पर्वत फिरू लागला, नाग सरकला, देव मागं गेले, राक्षस पुढं झुकले. कॉलवर कुणीतरी “आई शप्पथ” म्हणालं. मला वाटलं, जिंकलं.

आणि मग पर्वत अडखळला.

तालमीत आम्ही दोघंच असायचो. आता इतकी माणसं एकदम आत आल्यावर तौफिकचा दणकट कॉम्प्युटरही दमला. सगळं अडकत अडकत चालू लागलं. हालचाल वेळेवर करून घेणारी जी घड्याळं मी जमिनीखाली बसवली होती, त्यांचा एकमेकांशी मेळ सुटला. देव ओढायचे तेव्हा राक्षसही ओढायला लागले. वेढे अर्धे पुढं, अर्धे मागं. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वासुकी मधोमध तुटला.

चॅटमध्ये नकातेचं वाक्य आलं: “वासुकीला मणक्याचा त्रास आहे.”

खाली हसणाऱ्यांची रांग लागली. आमची पोरंही हसली.

फोनवर विजूदादा हळू आवाजात म्हणाला, “सुकन्या, बंद कर. लाइट गेली म्हणून सांगतो मी. मंडळाची शोभा व्हायलीय.”

“थांब जरा.”

“थांब काय? सगळं शहर बघतंय!”

तौफिक म्हणाला, “घड्याळं परत लावायला तासभर तरी लागंल. आणि परत चुकतील. गर्दी बाहेर काढायची का?”

गर्दी बाहेर काढून देखावा दाखवायचा कुणाला? मी समुद्राखाली शिरले, जिथं माझ्या लाल रेघांचं जाळं होतं. इतक्या दिवसांचं काम. तिथं उभी राहून एकच गोष्ट मला दिसली. घड्याळ एकदा चुकलं की चुकतच जातं. पण माणूस प्रत्येक वेळी नव्यानं सुरुवात करू शकतो.

मी कुऱ्हाड काढली आणि घड्याळं फोडायला सुरुवात केली.

“काय करालीस?” आप्पा खुर्चीतून उठले.

“खटके लावते. प्रत्येक देवामागं एक, प्रत्येक राक्षसामागं एक. वेढ्यांना वेगळे. माणसं ओढतील.”

“कुठली माणसं?”

“ही काय, उभी आहेत.”

मला वाटलं आता थांबवतील. त्यांनी खुर्ची माझ्या शेजारी ओढून घेतली. “डावीकडचा तिसरा राहिला,” ते म्हणाले. “हां. आता पुढचा.”

खटके लागले. मी माइक चालू केला. इतक्या लोकांसमोर मी कधी बोलले नव्हते.

“मी सुकन्या बुगड बोलतेय. हा देखावा आपोआप चालायचा होता, तो चालत नाहीये. आता तुम्ही चालवायचा. सगळ्यांनी एकेका खटक्याजवळ जा. आमच्या गल्लीनं देवांच्या मागं. आमराईनं राक्षसांच्या मागं.”

“आम्ही राक्षस व्हय?” नकातेचा आवाज आला.

“नागाचं तोंड राक्षसांकडं आहे. तो मान त्यांनी भांडून घेतला होता. शेपूट नको म्हणाले. तुम्हाला नको असेल तर सांगा, आम्ही घेतो तोंड.”



“थांब थांब,” तो म्हणाला. “तोंड आमचं. ए, चला रे, या हिकडं!”

काळ्या चिलखताच्या मागोमाग आमराईची पोरं राक्षसांच्या मागं पळाली. आमची देवांच्या मागं. आमच्याकडं राहायला आलेल्या माझ्या मावसभावाचा फोन आईनं हिसकावून घेतला होता; ती इंद्राकडं निघाली आणि सरळ समुद्रात पडली. कुणीतरी तिला वर काढलं. इंद्राला माणूस मिळाला.

आता ताल कोण देणार? मी हेडफोन काढला आणि आप्पांच्या डोक्यावर ठेवला.

“मी काय बोलू?”

“शेडमध्ये मोठा सांगाडा उभा करताना पोरांना काय म्हणता? तेच.”

आप्पांनी घसा साफ केला. आणि मग त्यांचा तो जाड, मागांच्या खडखडाटावरूनही ऐकू जाणारा आवाज घराघरांतून उठला.

“देव… ओढ! सोड. राक्षस… ओढ! सोड.”

पहिल्यांदा काही जुळलं नाही. निम्मे आधी, निम्मे नंतर. आप्पा ओरडले, “माझ्या तोंडाकडं बघा!” तोंड कुणालाच दिसत नव्हतं. सगळे हसले, आणि त्या हसण्यातच ताल सापडला. “देव… ओढ!” अख्खी ओळ मागं गेली. “राक्षस… ओढ!” समोरची ओळ मागं गेली. वेढ्यांचे खटके माझ्या आणि तौफिकच्या हातात होते. पट्टे सरकले. पर्वत फिरू लागला. अडखळत, थांबत, पण खरंच भार असल्यासारखा. माझ्या घड्याळांनी तो कधी इतका जड फिरवला नव्हता. एवढ्या माणसांनी ओढलेला डोंगर तसाच फिरणार.

समुद्र एकदम हिरवा झाला. शंकराचा गळा निळा झाला. मग घोडा, मग किटलीच्या सोंडेचा ऐरावत, मग लक्ष्मी. आप्पा रत्नांच्या मध्ये मुद्दाम थांबत होते. पोरं ओरडत होती, “आप्पा, सांगा की! ओढू का?” आप्पा म्हणत होते, “दम धरा.” घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. नकाते त्याच्या पोरांना दरडावत होता, “आधी ओढू नका रे, डुलायलाय पर्वत!” जणू पर्वत त्यांच्याच मंडळाचा होता.

शेवटी धन्वंतरीच्या हातातला सोन्याचा कलश पाण्यातून वर आला. कॉलवरच्या टाळ्या आधी ऐकू आल्या की गल्लीतल्या खिडक्यांतल्या, मला सांगता येणार नाही. मी गॅलरीत गेले. समोरच्या घरात, पलीकडच्या घरात, कोपऱ्यावरच्या माडीवर माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि वळणापलीकडून, आमराईकडूनही आवाज येत होता.

पुढचे सगळे दिवस देखावा तसाच चालला. रोज संध्याकाळी खटक्यांसाठी भांडणं. इंद्र आईनं शेवटपर्यंत सोडला नाही. राक्षसांकडं तर नंबर लावावे लागले. घड्याळं परत बसवूया का, असं तौफिकनं एकदा विचारलं. मी नको म्हणाले.

अनंत चतुर्दशीला मूर्तीचं विसर्जन मंडपातच, मोठ्या पिंपात झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा आले. सोबत विजूदादा होता.

“उतरवायला घेऊया,” आप्पा म्हणाले.

तौफिक कॉलवर होता. तो दचकला. “उतरवायचा? कशाला? हे काय जागा अडवत न्हाई, आप्पा. कायम राहील. निदान कॉपी तरी ठेवतो.”

“देखावा ठेवायचा नसतो, पोरा,” आप्पा म्हणाले. “ठेवला की माणूस त्याच्याकडंच बघत बसतो.” मग माझ्याकडं वळले. “पण ते हिनं ठरवायचं.”

विजूदादा भिंतीला टेकून उभा होता. तो मला म्हणाला, “तुला माहीत नसंल. शेडमधल्या माणसांनाच माहीत असतंय. उतरवतानं पहिला खिळा ज्यानं देखावा केला त्यानं काढायचा. तोवर दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आप्पांनी आजवर कुणाला काढू दिला नाही. मला सुद्धा.”

आप्पा खुर्चीत बसले होते. हात मांडीवर ठेवलेले. कीबोर्डपासून लांब.

“काढ,” ते म्हणाले. “तुझा हाय.”

मी जगात शिरले. समुद्र शांत होता. देव, राक्षस, मधे पर्वत, सगळं त्या जगातल्या संध्याकाळच्या उन्हात उभं होतं. मी सगळीकडून एकदा उडत फिरले. खालच्या लाल रेघा बघितल्या, खटके बघितले.

“तौफिक,” मी म्हणाले, “कॉपी नको.”

“बघ बाई,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “बरं.”

वासुकीच्या वेढ्यातला एक पिवळा ठोकळा मी फोडला. तो टक् करून सुटला आणि पाण्यात पडला.

आप्पांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, चुना लावला आणि मळायला लागले.

“बरं,” ते म्हणाले, “पुढच्या वर्षी विषय काय घ्यायचा?”

विजूदादानं चमकून त्यांच्याकडं बघितलं. आप्पांनी हा प्रश्न आजपर्यंत कुणालाच विचारला नव्हता. ते मात्र माझ्याकडं बघत होते आणि उत्तराची वाट बघत होते.

“दार लावून घ्या,” मी म्हणाले, “सांगते.”